मेमरी कार्ड: डिलीट की फॉरमॅट? आणि करायचं तर कुठे?

रानमेवा
प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात त्यावर तीन मतं आहेत म्हणून इथे विचारते.

कॅमेरा मिररलेस, कार्ड ६४ जीबीचं. सुट्टीच्या दिवशी भिगवणला किंवा जवळपास पाखरं टिपायला जाते, आल्यावर फोटो लॅपटॉपवर घेते आणि तिथेच कार्डातलं सगळं सिलेक्ट करून डिलीट मारते. धाकट्या दिराचं म्हणणं, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, लॅपटॉपला त्यात हात घालू द्यायचा नाही. नवरा म्हणतो (तो आयटीत आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्या यंत्रांवर त्याचा शेवटचा शब्द) कुठेही करा, काही फरक पडत नाही. सासऱ्यांच्या मते सारखं फॉरमॅट केलं की कार्ड झिजतं.

शिवाय हल्ली एक नवीनच सुरू झालंय. कार्ड रिकामं करून कॅमेऱ्यात घातलं तरी 'इतके फोटो मावतील' हा आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी दिसतो. लॅपटॉप मॅक आहे, त्याचा काही संबंध असेल तर सांगा.

चष्मिस
फॉरमॅट. कॅमेऱ्यात. दीर जिंकले. धागा बंद करा.

तात्या_सोलापूरकर
एवढ्यात कसला बंद करता? अजून कुणी कुणाचा अपमानसुद्धा केलेला नाही.

शटरबहाद्दर
लग्नाची कामं करतो, त्यामुळे कार्ड म्हणजे आमची तिजोरीच. आमची पद्धत सांगतो, पटली तर घ्या.

कामाच्या आदल्या रात्री सगळी कार्डं, ज्या कॅमेऱ्यात जाणार त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट. कार्यालयात पोचल्यावर हे काम करायचं नाही. तिथे बँडवाला, गुरुजींची घाई आणि 'अहो फोटोवाले' म्हणून चार बाजूंनी हाका, त्यात कुठलं कार्ड भरलेलं आणि कुठलं कोरं याचा पत्ता लागत नाही. पाकिटात कोरी कार्डं लेबल वर करून, भरलेली पालथी, म्हणजे सोनेरी पट्ट्या वर. भरलेलं कार्ड बाहेर आलं की बाजूची खिट्टी खाली ओढून लॉक. चुकून परत कॅमेऱ्यात गेलंच तर कॅमेरा ओरडतो.

कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्यात एकही फोटो डिलीट करायचा नाही. डोळे मिटलेले असोत, मध्ये कुणा मामांचं डोकं आलेलं असो, राहू द्या. घाईत अंगठा एक फोटो पुढे सरकतो आणि अंतरपाट दूर झाल्याचा फोटो जातो. जागा कमी पडत असेल तर कार्ड बदला.

आणि दोन ठिकाणी कॉपी होऊन, फाइली उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट नाही. उघडून म्हणजे थंबनेलवर नजर फिरवून नव्हे. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोच्या) पोटात एक छोटी जेपीईजी असते, थंबनेल तिची दिसते. मूळ फाइल अर्धवट कॉपी झालेली असली तरी थंबनेल झकास दिसू शकते. मोठी करून बघा.

बायनरीबुवा
रानमेवाताई, आधी तुमच्या मॅकचं कोडं.

मॅकवर कार्डातले फोटो डिलीट केले की ते ट्रॅशमध्ये जातात. ही ट्रॅश तुमच्या लॅपटॉपवर नसते, कार्डावरच एका लपलेल्या फोल्डरात असते. ती रिकामी न करता कार्ड बाहेर काढलं की फोटो कॅमेऱ्याला दिसत नाहीत, पण जागा मात्र अडवून बसतात. दर वेळी त्यात भर. विंडोजवर असं होत नाही, तिथे कार्डातलं डिलीट थेट जातं, रिसायकल बिनमध्ये थांबत नाही. कार्ड मॅकला जोडा, ट्रॅश रिकामी करा, आकडा परत वर येईल. नाहीतर कॅमेऱ्यात फॉरमॅट मारा, एका झटक्यात सगळं जाईल.

आता डिलीट आणि फॉरमॅट. दोन्हींत फोटो बहुतेक वेळा जागचा हलत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातली ज्वारी नाहीशी होते का? दुसरा कुणी येऊन नांगर घालेपर्यंत ती तिथेच उभी. डिलीट म्हणजे एका गटाचं नाव खोडणं, फॉरमॅट म्हणजे अख्ख्या गावाचं दप्तर नव्याने कोरं लिहिणं. म्हणून तर चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डातून फोटो परत मिळवता येतात. फक्त याच्या भरवशावर राहू नका. काही कॅमेरे फॉरमॅट करताना कार्डाला ब्लॉक (साठवणीचे कप्पे) खरोखर पुसायची आज्ञा देतात. मग तिथे शोधायला काही उरत नाही.

दिरांचं बरोबर का, तर कॅमेरा फॉरमॅट करताना दप्तर त्याला हवं तसं मांडतो. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर फॅट३२ आणि त्यावरच्यावर एक्सफॅट ही मांडणी, ब्लॉकचा हिशेब कार्डाला जुळणारा. वर डीसीआयएम फोल्डर आणि त्या कंपनीच्या व्हिडिओच्या नोंदी. लॅपटॉपवर नवरोबांनी एनटीएफएस (विंडोजची मांडणी) निवडलं तर कॅमेरा कार्ड ओळखणारच नाही.

तात्या_सोलापूरकर
बुवा, सातबाऱ्याचा दाखला आवडला. पण आमच्याकडे नाव एकदा खोडलं की ज्वारीही दुसऱ्या दिवशी दिसत नाही. हलके घ्या.

आता गंभीरपणे. रानमेवाच्या सासऱ्यांशी मी सहमत. फ्लॅश मेमरीचं (कार्डात असते ती) लिहिण्या-पुसण्याचं आयुष्य ठरलेलं असतं हे तुम्हीही नाकारणार नाही. मग मुद्दाम दर आठवड्याला अख्खं कार्ड कशाला पुसायचं? मी फॉरमॅटच्या वाटेला जात नाही, डिलीट करतो. माझी कार्डं ठणठणीत आहेत.

बायनरीबुवा
तात्या, आयुष्य ठरलेलं असतं हे खरं. पण फॉरमॅटमध्ये लिहिलं किती जातं ते बघा. ३२ जीबीच्या कार्डावर फॅट३२ची यादी साधारण ४ एमबीची, तिच्या दोन प्रती, म्हणजे ८ एमबी. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल पंचवीस-तीस एमबी असते. म्हणजे एका फॉरमॅटने कार्ड जेवढं झिजतं, त्याच्या तिपटीने एक बगळा टिपल्यावर झिजतं. एक्सफॅटमध्ये तर लिखाण आणखी कमी. शिवाय कार्डाच्या आतला कंट्रोलर लिखाण सगळ्या ब्लॉकांवर वाटून देत असतो, एकाच जागी घासत बसत नाही.

झिजायची भीती धरायचीच असेल तर बर्स्ट मोडची, म्हणजे बटण दाबून धरून एका दमात ढीगभर फोटो काढण्याची धरा.

खंड्या
बर्स्टबद्दल कुणी काही बोलायचं नाही. :)

तात्या_सोलापूरकर
आकडा मान्य. पण कॅनन कॅमेऱ्यात 'लो लेव्हल फॉरमॅट' म्हणून चौकोन असतो, तो टिक केला की बराच वेळ लागतो. तो काय करतो मग?

बायनरीबुवा
तो मात्र नुसत्या दप्तरावर थांबत नाही, सगळी जागा पुसतो. कार्डाचा वेग मंदावल्यासारखा वाटला, व्हिडिओ मध्येच थांबायला लागला, तर एकदा करून बघायचा. दर रविवारी करायची गोष्ट नव्हे. तिथे तुमचा झिजेचा मुद्दा लागू.

सुगरण_पण_आळशी
मला एक कळत नाही. किल्लीची खूण करून फोटो प्रोटेक्ट केला असेल तर तो फॉरमॅटमध्ये वाचतो ना?

चष्मिस
नाही! 'डिलीट ऑल' मध्ये वाचतो, फॉरमॅटमध्ये जातो. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. फॉरमॅट किल्ली-बिल्ली बघत नाही. त्याला थांबवते ती कार्डाची खिट्टी, आणि तीही नुसती प्लॅस्टिकची खूण आहे. आत तिला कसलीही वायर जोडलेली नसते, कॅमेरा किंवा रीडर तिची जागा बघून लिहायचं थांबवतो. मायक्रो एसडीला तर खिट्टीच नाही.

खंड्या
माझा इथे वेगळा सूर. डिलीटही नको, लगेच फॉरमॅटही नको.

कार्डं आता लेन्सच्या मानाने स्वस्त आहेत. मी ताडोब्याला जातो तेव्हा प्रत्येक सफारीला वेगळं कार्ड. घरी येऊन कॉपी केली तरी कार्ड तसंच ठेवतो, पुढच्या सहलीची तयारी करेपर्यंत. तोवर ती तिसरी प्रत. लॅपटॉपची हार्ड डिस्क नेमकी त्याच आठवड्यात गेल्याची उदाहरणं पक्षीवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपवर ऐकायला मिळतील. सगळे 'कॉपी झाली की फॉरमॅट' म्हणताहेत त्यातली 'की' मला पटत नाही. घाई कसली आहे?

शटरबहाद्दर
खंड्याशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही अल्बमसाठी पार्टीने फोटो निवडून देईपर्यंत कार्डाला हात लावत नाही. आणि पार्टी फोटो निवडायला इतका वेळ लावते की तेवढ्यात बारशाची ऑर्डर येते.

बायनरीबुवा
पुढच्या फेरीपर्यंत ठेवणं उत्तम. पण वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकून 'माझे फोटो तिथे आहेत' म्हणू नका. फ्लॅशमधला चार्ज हळूहळू गळत असतो, वीज न मिळता पडून राहिलेलं कार्ड म्हणजे कायमचा साठा नव्हे. हार्ड डिस्क दोन, त्यातली एक दुसऱ्या घरी. कार्ड हा वरचा बोनस.

नमूची_आई
आमच्या नात्यातला प्रसंग, फॉरमॅटनंतर फोटो परत मिळतात का याबद्दल.

आतेभावाच्या मुलीचं बारसं झालं. घरातल्या एका उत्साही भाच्याने संध्याकाळी कॅमेरा हातात घेतला आणि मेन्यूत हिंडता हिंडता फॉरमॅटला 'ओके' केलं. रडारड. नशीब की वहिनीने कॅमेरा तत्काळ बंद करून कार्ड काढून डबीत ठेवलं. त्यानंतर एकही फोटो काढला नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग आतेभावाने 'फोटोरेक' नावाची फुकट मिळणारी प्रणाली चालवली. दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बटणं वगैरे काही नाही, पण काम चोख. रात्रभर चालली. सापडलेल्या फाइली लॅपटॉपच्या डिस्कवर साठवल्या, त्याच कार्डावर नाही. तसं केलं तर सापडायचे राहिलेले फोटो आपणच तुडवतो.

बारशाचे जवळजवळ सगळे फोटो मिळाले. फाइलींची मूळ नावं गेली, कारण ही प्रणाली दप्तर न बघता फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून शोधते. तारीख-वेळ फोटोच्या आत असते, त्यावरून क्रम लावता आला. गंमत म्हणजे बारशाबरोबर त्याच कार्डावरचे गणपतीचे, गोव्याचे आणि एका कुणाच्या तरी ऑफिस पार्टीचेही निघाले. कॅमेरा वापरलेला घेतला होता, कार्डासकट.

सुगरण_पण_आळशी
ऑफिस पार्टी!! म्हणजे मी जुना कॅमेरा विकला त्यातलं कार्ड फॉरमॅट करून दिलं होतं, त्यातूनही...?

नमूची_आई
निघू शकतं. कॅमेऱ्यासोबत कार्ड देऊच नये, या मताची मी त्या दिवसापासून झाले. द्यायचंच असेल तर एसडी असोसिएशनचं 'एसडी मेमरी कार्ड फॉर्मॅटर' मिळतं, विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी, फुकट. त्यात 'ओव्हरराइट' पर्याय निवडायचा. वेळ खातो, पण शेतात नांगर खरंच फिरतो, बुवांच्या भाषेत.

बायनरीबुवा
अनुमोदन. आणि नवरोबांसाठी: लॅपटॉपवरच फॉरमॅट करायची हौस असेल तर विंडोजच्या उजव्या क्लिकऐवजी हेच वापरा. कार्डाच्या ब्लॉकांची मांडणी ते बरोबर सांभाळतं. त्यानंतरही कॅमेऱ्यात घालून एकदा फॉरमॅट कराच, म्हणजे फोल्डर तयार होतील.

पाटलाचं_पोर
एक विषय राहिलाच. नकली कार्ड.

मित्राने रस्त्यावरच्या टपरीवरून १२८ जीबीचं कार्ड निम्म्याहून कमी पैशांत आणलं. कॅमेऱ्यात घातलं, १२८ दाखवतं. फॉरमॅटही बिनतक्रार झालं. सुरुवातीचे फोटो छान. मग वारीला दिवेघाटात गेला, पालखी घाट चढायला लागली तशी याने धडाधड क्लिक मारले. घरी येऊन बघतो तर एका जागेनंतरचे सगळे फोटो अर्धे करडे नाहीतर उघडतच नाहीत. कार्ड मुळात ८ जीबीचं, आतल्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. फॉरमॅट फक्त दप्तर लिहितो, जमीन खरंच तेवढी आहे का हे मोजत नाही. त्यामुळे फॉरमॅट झालं म्हणजे कार्ड चांगलं असं समजू नका. नवीन कार्ड आणलं की 'एच२टेस्टडब्ल्यू' चालवायचं. ते कार्ड पूर्ण भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. मॅक-लिनक्सवाल्यांना 'एफ३'.

तात्या_सोलापूरकर
८ जीबीला १२८ म्हणून विकणाऱ्याला बिल्डर व्हायला हवं होतं.

चष्मिस
तात्यांना आजचा नारळ.

गाडीवान
अवांतर: गाडीत डॅशकॅम आहे. त्याचं कार्डही असंच फॉरमॅट करायचं का? ते तर स्वतःच जुनं पुसून नवीन लिहितं.

पाटलाचं_पोर
करायचं, महिन्याकाठी एकदा, डॅशकॅमच्याच मेन्यूतून. धक्का बसला की कॅमेरा ती फाइल लॉक करतो आणि लॉक झालेल्या फाइली फेऱ्यात पुसल्या जात नाहीत. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा म्हणजे अपघात समजून लॉक. थोड्या दिवसांत कार्ड खड्ड्यांनीच भरतं. आणि तिथे साधं कार्ड नको, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या. दिवसभर सतत लिखाण असतं, तात्यांचा झिजेचा मुद्दा तिथे शंभर टक्के खरा.

तात्या_सोलापूरकर
शेवटी कुठेतरी बरोबर ठरलो. वाचनखूण साठवतो.

शटरबहाद्दर
फॉरमॅटशी जोडलेली एक गोष्ट कुणी बोललंच नाही, आणि फॉरमॅटपेक्षा तिनेच जास्त फोटो जातात. फाइल क्रमांक.

कॅमेऱ्यात फाइल नंबरिंग 'कंटिन्युअस' ठेवलं नसेल तर फॉरमॅटनंतर नंबर परत ०००१ पासून सुरू होतो. तुम्ही सवयीने सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतत असाल, तर संगणक विचारतो, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? फोटो कॉपी करताना माणूस एकीकडे चहा घेत असतो. 'रिप्लेस ऑल'. झालं, गेल्या महिन्याचे गेले. आणि ते कार्डातून नव्हे, तुम्ही सुरक्षित समजत होतात त्या हार्ड डिस्कमधून. तोवर कार्डावर नवे फोटो चढलेले असतात, मग फोटोरेकही सहसा काही करू शकत नाही.

कॅननमध्ये 'कंटिन्युअस', निकॉनमध्ये 'फाइल नंबर सिक्वेन्स' सुरू. निकॉनच्या काही साध्या मॉडेलमध्ये हे कारखान्यातूनच बंद येतं, आधी तपासा. तरी ९९९९ नंतर नंबर परत ०००१ होतोच, म्हणून तारखेचं फोल्डर करून त्यात कॉपी. अजून एक: 'कंटिन्युअस' असलं तरी जुने फोटो असलेलं कार्ड घातलं तर नंबर त्या जुन्या फोटोंच्या पुढून सुरू होऊ शकतो. त्यासाठीसुद्धा कार्ड कोरं करून घालावं.

खंड्या
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी.

नवखा_नितीन
उशिरा आलो. थोडक्यात सांगाल का, डिलीट की फॉरमॅट?

चष्मिस
वर वाचा. पहिला प्रतिसाद. माझाच आहे, आठ शब्दांचा.

सुगरण_पण_आळशी
मोजले. तुमचे आठ सापडेनात, सातच आहेत.

चष्मिस
उरलेला फॉरमॅटमध्ये गेला.

रानमेवा
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

बुवा, मॅकवर कार्ड लावून ट्रॅश उघडली तर आत पार गेल्या हिवाळ्यातले रोहित पक्षी उभे! ट्रॅश रिकामी केली आणि कॅमेऱ्यातला आकडा लगेच वर गेला. मग शटरबहाद्दरांचं ऐकून आधी कार्डात असलेले नवे फोटो बाहेरच्या डिस्कवरही घेतले, रॉ फाइली मोठ्या करून बघितल्या (दोन अर्धवट होत्या, कार्डातून परत घेतल्या), आणि मग कॅमेऱ्यात फॉरमॅट. नंबरिंग 'रीसेट' वर होतं, बदललं. दीर दोन दिवस घरात कॉलर ताठ करून फिरतोय. नवरा 'मी तेच म्हणत होतो' म्हणतोय, ते तुम्ही वर वाचलंच आहे. खंड्या, दुसरं कार्ड मागवलं, आलटून पालटून वापरेन.

आता सासऱ्यांचा प्रश्न. त्यांचा जुना ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याचं मूळ कार्ड गेलं. दुकानातून ३२ जीबीचं आणलं तर तो 'कार्ड एरर' म्हणतो आणि फॉरमॅटही करू देत नाही. कार्ड माझ्या कॅमेऱ्यात नीट चालतं.

बायनरीबुवा
कार्ड नकली नाही, कॅमेरा जुना आहे. त्याला फक्त मूळ एसडी कळतं, म्हणजे २ जीबीपर्यंतचं. ३२ जीबीचं एसडीएचसी असतं. आकार तोच, आतली पद्धत वेगळी, २००६ साली आलेली. कितीही फॉरमॅट करा, छोटा भाग पाडून बघा, तो ओळखणार नाही. २ जीबीचं किंवा त्याहून लहान साधं एसडी शोधा. त्यावर एसडीएचसी लिहिलेलं नको. ५ मेगापिक्सेलला २ जीबीत शेकड्यांनी फोटो मावतात, काकांना पुरून उरेल.

रानमेवा
२ जीबीचं आता मिळतं कुठे? दोन दुकानांत विचारलं, दुकानदार हसला.

गाडीवान
माझ्याकडे एक पडून आहे, जुन्या कॅमेऱ्यातलं. पुण्यातच आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोन दिवस द्या फक्त, माझ्या साखरपुड्याचे फोटो आहेत त्यात. ओव्हरराइट करूनच देतो.